संस्थेतलं संवादाचं काम म्हणजे नुसते फोटो नव्हेत

स्वच्छ ऊर्जेच्या सामाजिक संस्थेत संवादाचं काम म्हणजे फोटो काढायचे, पोस्टर लावायचे आणि पगाराचं विचारायचं नाही, हा समज नाशिकमध्येही वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. हे पगारी काम आहे आणि जबाबदारीचंही. सिडकोतल्या एखाद्या काकू विचारतात, "छतावर सोलर बसवलं की लाइट गेली तरी पंखा चालेल ना?" बॅटरी नसेल तर नाही चालणार. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून लाइट गेली की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, आपोआप बंद होतो. हे त्यांनी पैसे भरण्याआधीच संवादाचं काम करणाऱ्याने सांगायला हवं. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, पण सोलर बसवून झाल्यावर. पत्रकात ही ओळ ठळक छापून घेणं हेही त्याच माणसाचं काम.