'इंडियन' नावामागचं एक घर

नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात भरला, २०६ खेळाडू आले. त्या दिवसांत आमच्याकडची शाळकरी पोरंसुद्धा 'किंग्ज इंडियन', 'निम्झो-इंडियन' ही डावाच्या सुरुवातीच्या मांडण्यांची नावं घडाघडा घ्यायला लागली. त्यातला 'इंडियन' कोण, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तो महेशचंद्र बॅनर्जी, बंगालच्या मुलखातला एक ब्राह्मण. १८५० च्या आसपास कोलकात्यात स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रेनसमोर बसून तो शेकडो डाव खेळला. ते डाव टिपले गेले, म्हणून बॅनर्जी आपल्याला दिसतो तरी.

युरोपात तेव्हा राजापुढचं प्यादं दोन घरं टाकायचं, मोहरे भराभर बाहेर काढायचे आणि हल्ला चढवायचा, अशी रीत. (पटावरच्या उभ्या रांगांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच आणि आडव्यांना त्याच्या बाजूने १ ते ८ म्हणतात.) बॅनर्जी काळ्याकडून घोडा एफ६ वर आणी, जी-प्यादं एकच घर सरकवी आणि मोकळ्या झालेल्या जी७ वर उंट बसवी. तिथून त्या उंटाची नजर तिरकी, थेट ए१ च्या कोपऱ्यापर्यंत.

याचं मूळ देशी बुद्धिबळात आहे, असं मला ठाम वाटतं. आपल्याकडे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चाले. फोंड्याला आमच्या सोप्यावर आजोबा तसंच खेळत. मी प्यादं दोन घरं टाकलं की बोटाने मागे ओढत, "एकच घर, बाबा." अशा खेळात पटाचा मध्य एकदम बळकावता येत नाही. मोहरे आधी मागेच नीट लावावे लागतात, उंटाला बाजूच्या प्याद्यामागून वाट काढावी लागते. बॅनर्जीने विलायती नियम घेतले, हाताचं वळण मात्र जुनंच राहिलं.

१८५५ चा कॉक्रेन आणि बॅनर्जीचा एक डाव पाहा, पांढऱ्या-काळ्याच्या चाली आळीपाळीने (नुसतं घर लिहिलं तर चाल प्याद्याची): डी४, घोडा एफ६, सी४, जी६, घोडा सी३, डी५. या मांडणीला आज ग्रुनफेल्ड म्हणतात, कारण १९२२ मध्ये एर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती रूढ केली, त्याच वर्षी व्हिएन्नात तिच्या जोरावर त्याने पुढे विश्वविजेता झालेल्या अलेखाइनला हरवलं. मध्ये ६७ वर्षं गेली. नावाचा मान बॅनर्जीला मिळायला हवा होता, ही खंत मला आजही आहे. पुढे ब्रॉन्स्टाइन, बोलेस्लाव्स्की, गेलर या सोव्हिएत खेळाडूंनी जी७ वरच्या त्याच उंटाची किंग्ज इंडियन जगभर नेली.

शनिवारच्या शिकवणीत जी६ शिकवण्याआधी मी मुलांना आजोबांच्या नियमाने एक डाव खेळायला लावतो. दहा चालींत निम्म्या पटांवर काळा उंट जी७ वर जाऊन बसलेला असतो.