हलकं पार्सल म्हणजे स्वस्त पार्सल?

‘वजन कमी, तर कुरिअरचा खर्च कमी’ हा समज इतका जुना आहे की लोक खोकं घेतानाही फक्त काट्याकडे बघतात. पण कुरिअरवाला वजनासोबत जागाही विकतो. विमानाचं पोट उशांनी गच्च भरलं, तरी काटा फारसा हलत नाही. तोटा मात्र होतोच. म्हणून आकारावरून एक मानीव वजन काढतात, ज्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खरं आणि मानीव यांत जे जास्त, त्यावर बिल.

हिशेब साधा आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा आणि ५००० ने भागा. उत्तर किलोत येतं. बऱ्याच आंतरराष्ट्रीय एक्सप्रेस कुरिअरचा भाजक हाच असतो, तर विमानाच्या मालवाहतुकीत ६००० प्रचलित आहे.

दोन किलोच्या उशा ५०×४०×४० च्या खोक्यात घातल्या, तर मानीव वजन १६ किलो! त्याच दाबून २० सेंटिमीटर उंचीत बसवल्या, की थेट ८. आणि माप घेतात ते सर्वांत फुगलेल्या जागी. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी सेंटिमीटरभर वाढली, तरी १६ चे १७.१५ होतात, वर पुढच्या अर्ध्या किलोला पूर्णांकन होतं ते वेगळंच.

पुस्तकं पाठवत असाल तर हे सगळं विसरा. तिथे काटाच जिंकतो.