गोठ्याचं अंतर नुसतं टेपने मोजून भागत नाही

नागपुरात वस्तीतल्या डेअरीची तक्रार बहुतेक वेळा वासाची असते आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं: गोठे शहराबाहेर हलवा. हलवायलाच हवेत. पण बाहेर म्हणजे नेमके कुठे, हे जागेच्या भावावर सोडता येणार नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेअरी आणि गोशाळांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. घरांपासून किमान २०० मीटर, शाळा-दवाखान्यांपासून ५०० मीटर. सुरुवात म्हणून हे ठीक आहे. मात्र मे महिन्यातल्या दुपारचे २०० मीटर आणि डिसेंबरच्या रात्रीचे २०० मीटर सारखे नसतात. उन्हाळ्यात तापलेली हवा वर उठते, वास पांगतो. हिवाळ्याच्या रात्री वारा पडतो, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर उठतच नाही. मग गोठ्यातल्या अमोनियासकट ती उताराने सखल भागातल्या घरांकडे सरकते.

हा अमोनिया तयार कसा होतो? जनावराच्या मुतात युरिया असतो आणि शेणातल्या जिवाणूंकडे युरिएज नावाचं विकर. फरशीवर दोन्ही एकत्र आले की विकर युरिया फोडतं आणि नाकाला झोंबणारा वायू सुटतो. फरशीला नीट उतार दिला, मूत लगेच नालीत गेलं आणि शेण वेगळं उचललं, तर तो बराच कमी होतो.

पाण्याचं प्रकरण मला जास्त गंभीर वाटतं. ४०० किलोचं जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकतं. म्हणजे २०० जनावरांचं रोज तीन ते चार टन! त्यातल्या नायट्रोजनचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं. नागपूरजवळच्या काटोल-कळमेश्वरकडे वर काळी माती, खाली बेसॉल्ट खडक. उन्हाळ्यात या मातीला हात आत जाईल अशा भेगा पडतात. मृगाचा पाऊस उकिरडा धुऊन त्या भेगांत शिरतो आणि खडकाच्या फटींतून विहीर गाठतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळून ते जात नाही. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात असं पाणी पडलं, तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटू शकते.

म्हणून परवानगी देताना घर किती लांब आहे याच्याबरोबर एवढ्या शेणाला वावर किती, हेही विचारलं पाहिजे. याच पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत आणि बागांना शेणखत लागतंच. जवळचे बागायतदार किती खत उचलणार हे आधी लेखी ठरावं, आणि जनावरांची संख्या त्यावरून बांधून द्यावी. खताच्या खड्ड्याला पक्का तळ आणि वर छप्पर हवंच. उताराच्या बाजूच्या विहिरींचं पाणी गोठा सुरू होण्याआधी एकदा तपासावं आणि नंतर दर पावसाळ्याच्या आधी व नंतर. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.