अंकीय साधनांद्वारे इमारत-नूतनीकरण

उभ्या इमारतीची मोजणी, दोषतपासणी आणि दुरुस्तीचे नियोजन संगणकाधारित साधनांनी करण्याची पद्धती. लेसर स्कॅनर, ड्रोन, उष्णताचित्रण कॅमेरा आणि या सर्वांची माहिती एकत्र ठेवणारे त्रिमितीय प्रतिमान, म्हणजे बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल), ही तिची मुख्य साधने होत. नव्या बांधकामात नकाशा आधी, इमारत मागाहून. नूतनीकरणात इमारत आधीच असते आणि तिचे नकाशे बहुधा गहाळ झालेले किंवा प्रत्यक्षाशी न जुळणारे असतात. त्यामुळे येथे वेळ व खर्च वाचतो तो मुख्यतः मोजणीच्या टप्प्यावर.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. बांधकाम-संगणनाचे अभ्यासक तो चार्ल्स ईस्टमन यांच्यापासून धरतात. 1970 च्या दशकाच्या मध्यास त्यांनी इमारतीचे एकच संगणकीय वर्णन ठेवावे आणि त्यातूनच आराखडे, छेद व सामानाच्या याद्या काढाव्यात, अशी कल्पना मांडली. बीआयएम हे नाव व्हॅन नेडरव्हीन आणि टोलमन यांच्या 1992 च्या निबंधात आढळते. 2002 च्या सुमारास ते सर्वत्र रूढ झाले. ही परंपरा मात्र नव्या इमारतींच्या रचनेची आहे, उभ्या इमारतींच्या नोंदीची नाही.

दुसरे मत आरंभ बराच मागे, छायाचित्रांवरून मापे काढण्याच्या विद्येत शोधते. जर्मन स्थापत्यज्ञ आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर 1858 मध्ये वेट्सलार येथील कॅथीड्रलची मापे घेताना वरून पडता पडता वाचले आणि मापे छायाचित्रांवरून घ्यावीत असे त्यांच्या मनाने घेतले. 1885 मध्ये बर्लिनला याच कामासाठी सरकारी संस्था उभी राहिली. फ्रेंच लष्करी अभियंते एमे लोसदा यांचे प्रयोग याहून काही वर्षे आधीचे असल्याने अग्रमान कोणाचा, हा वाद राहतोच. तथापि लोसदा यांचा रोख प्रामुख्याने भूमापनाकडे होता; मायडेनबाउअर यांनी उभ्या वास्तूंची नोंद हेच कार्य मानले. नूतनीकरणापुरते पाहता त्यांचीच परंपरा अधिक जवळची ठरते. पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिपाईवरचे लेसर स्कॅनर बाजारात आले आणि 2009 मध्ये डब्लिनच्या मॉरिस मर्फी व सहकाऱ्यांनी ऐतिहासिक वास्तूंसाठी बीआयएमची स्वतंत्र रीत मांडली. तेथे दोन्ही प्रवाह एकत्र आले असे म्हणता येईल.

वाड्यांची मोजणी : स्कॅनर सेकंदाला लाखो बिंदूंची अंतरे टिपतो. वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या नोंदी जुळवून बिंदुमेघ तयार होतो व त्यावरून प्रतिमान रचतात. पुण्यातील पेठांमधले वाडे ही या रीतीची खरी कसोटी आहे. दगडी जोते, सागवानी खांब व तुळया, विटा-मातीच्या भिंती आणि खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांच्या, हिशेबाने केलेली आखणी. पण प्रत्यक्षात दोन खण क्वचितच तंतोतंत सारखे भरतात. खांब कललेला असतो, तुळईला बाक आलेला असतो. प्रतिमान रचताना संगणकप्रणाली भिंत सरळ आणि कोपरा काटकोनात घेऊ पाहते. ती सोय स्वीकारली की भिंतीचा फुगवटा नकाशातून नाहीसा होतो, आणि दुरुस्ती तर नेमकी त्याचीच करायची असते. म्हणून वाड्याच्या प्रतिमानात वाकडेपण जसेच्या तसे ठेवलेच पाहिजे. विश्रामबागवाड्याच्या (1807) दर्शनी भागासारख्या कोरीव लाकूडकामासाठी स्कॅनरला जवळून घेतलेल्या छायाचित्रांची जोड देणे इष्ट. स्कॅनरला फक्त पृष्ठभाग दिसतो. तक्तपोशीमागे किंवा भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाला वाळवी लागली आहे का, हे ठोकून आणि छिद्र पाडूनच कळते.

काँक्रीटच्या इमारती : सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर 5 वर्षांनी, त्यापुढे दर 3 वर्षांनी करावयाची असते. काँक्रीटसाठी रिबाउंड हॅमर (आपटून पृष्ठभागाची कठीणता मोजणारे साधन) व श्राव्यातीत ध्वनिलहरींची चाचणी वापरतात. गच्चीच्या गळतीसाठी उष्णताचित्रण उपयोगी पडते, पण वेळ साधावी लागते. कोब्याखाली मुरलेले पाणी दिवसाची उष्णता धरून ठेवते, म्हणून सूर्यास्तानंतर तो भाग चित्रात उबदार दिसतो. भिंतीवरची ओल मात्र बाष्पीभवनामुळे थंड दिसते. हा फरक न जाणता चित्र वाचले तर कोबा भलत्याच ठिकाणी फोडला जातो.

ड्रोनचा वापर 2021 च्या ड्रोन नियमांखाली येतो. लोहगावच्या हवाई तळामुळे पुण्यात उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे आवश्यक असते.

नोंदींचे जतन : एका तपासणीची दुसरीशी तुलना करायची तर दोन्ही वेळी संदर्भबिंदू तेच हवेत, ते जोत्यात कायमचे बसवून घ्यावेत. व्यवस्थापन समितीची मुदत 5 वर्षांची असते आणि सल्लागारही बदलतात. त्यामुळे प्रतिमान केवळ एका कंपनीच्या प्रणालीत न घेता आयएफसी या खुल्या स्वरूपात, मूळ बिंदुमेघासह, संस्थेच्या दप्तरी जमा करण्याची अट कामाच्या करारातच घालावी.