तिळी भावंडं: जन्मदिवस एक, जनुकांचा हिशोब वेगळा

तिळ्यांच्या बारशाला आलेला प्रत्येक जण पाळण्यात डोकावतो आणि तुलना सुरू करतो. दोघांचं नाक सारखं, तिसरं जरा निराळं. मग ते आजोबांवर गेलं, असं ठरतं. पण त्या पाळण्यात एक सुंदर कोडं निजलेलं असतं, कारण तिळे तीन निरनिराळ्या वाटांनी जन्माला येऊ शकतात.

कधी एकाच पाळीत तीन बीजं सुटतात आणि तीन शुक्राणूंमुळे ती फलित होतात. ही तिघं जनुकांच्या दृष्टीने साधी सख्खी भावंडं, फक्त एका वेळी पोटात वाढलेली. कधी एकच फलित बीज दुभंगतं आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दोन होतात. असे एकबीज तिळे फार विरळा. मला सगळ्यांत मोह पडतो तो तिसऱ्या वाटेचा. तिथे बीजं दोन असतात आणि त्यातलं एकच दुभंगतं. म्हणजे एका पाळण्यात एक एकबीज जोडी आणि सोबत एक साधं भावंड.

तिघांत मुलगा आणि मुली दोन्ही असतील, तर बीजं किमान दोन होती एवढं जवळपास नक्की. तिघं मुलगे किंवा तिन्ही मुली असतील, तर अनेक घरांत वारेवरून, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणाऱ्या प्लासेंटावरून, निकाल लावला जातो: ‘वार वेगळी होती, म्हणजे बीजंही वेगळी.’ हा समज पक्का रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. फलित बीज पहिल्या तीनेक दिवसांत दुभंगलं, तर एकबीज बाळांनाही स्वतंत्र वार मिळते. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश अशीच असतात. उलट दोन वेगळ्या वारा शेजारी वाढून एकमेकींना चिकटल्या, तर एकच दिसते. खात्री हवी असेल तर गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्याची डीएनए चाचणी करावी.

ती करावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण पुढे कधी तिची खरी गरज पडू शकते. १९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते एकबीज जुळ्या भावांमध्ये. एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीराने परकं मानलं नाही. साध्या भावंडांत ऊतींची अशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. दोन अधिक एक अशा तिळ्यांत कोण कोणाला देऊ शकतो, हे बारशाच्या अंदाजावर सोडण्यासारखं नाही.

‘भावंडांत ५० टक्के जनुकं सारखी’ हे वाक्यही जरा उलगडून पाहायला हवं. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. ५० टक्के म्हणजे आईवडिलांकडून आलेला तोच तुकडा दोघांनाही मिळण्याचं सरासरी प्रमाण. आईच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्यांतून प्रत्येकी एक निवडायचं, तर सुमारे ८४ लाख जुळण्या होतात. वडिलांच्या बाजूनेही तेवढ्याच. शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ती वेगळीच. म्हणून प्रत्यक्ष मोजलं, तर सख्ख्या भावंडांमधलं हे साम्य साधारण ३७ ते ६२ टक्क्यांपर्यंत हलताना आढळलं आहे. तीन बीजांच्या तिळ्यांत दोघं एकमेकांच्या जवळ आणि तिसरं थोडं लांब, असं सहज होऊ शकतं.

मग एकबीज तिळे तरी तंतोतंत सारखे का? तेही नाहीत. बोटांचे ठसे गर्भातच वेगवेगळे घडतात आणि वय वाढतं तसं कोणती जनुकं चालू, कोणती बंद, हेही बदलत जातं. पण फरक थेट डीएनएच्या अक्षरांतही असतो. आइसलँडमधल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एकबीज जुळ्यांच्या ३८१ जोड्या आणि एकबीज तिळ्यांचे दोन संच यांचा संपूर्ण डीएनए तपासला. जुळ्यांमध्ये सरासरी सुमारे पाच फरक सापडले, गर्भ अगदी थोड्या पेशींचा असताना झालेले. काही जोड्यांत एखादा बदल एका भावंडाच्या शरीरभर होता आणि दुसऱ्यात त्याचा मागमूसही नव्हता. त्यावरून कळतं, की ते एक भावंड त्या चिमुकल्या गर्भातल्या जवळपास एकाच पेशीपासून वाढलं.

हाच धागा तिळ्यांपर्यंत नेला तर? गर्भ आधी दुभंगला आणि नंतर त्यातला एकच भाग पुन्हा दुभंगला, तर या दोन घटनांच्या मधल्या काळात झालेला बदल नंतर वेगळ्या झालेल्या दोघांत उतरेल आणि तिसऱ्यात नसेल. एकाच बीजाच्या तिघांतही दोघं किंचित अधिक जवळची ठरतील आणि कोण आधी वेगळं झालं, याची खूण त्यांच्या रक्ताच्या थेंबात वाचता येईल.