जुन्या बुलेटचा जड क्लच : पार्श्वभूमी

सोलापुरात जुनी बुलेट, येझदी अजून सांभाळून असलेल्यांपैकी बरेच जण आता सत्तरीकडे झुकलेत. मागावर उमर गेलेल्यांची बोटं तर सकाळी वळतच नाहीत. गाडी ठणठणीत, क्लच मात्र दाबवत नाही.

बुलेटची जुळणी 1955 पासून मद्रासला होऊ लागली. तिच्या डाव्या मुठीवर दोन कामं : क्लच आणि इंजिनातला दाब (कंप्रेशन) सोडायचा छोटा लिव्हर. हाताला विसावा द्यायला उजव्या टाचेपाशी न्यूट्रल फाइंडर, म्हणजे गाडी न्यूट्रलला आणायचा वेगळा लिव्हर होता. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून टाच दाबली की न्यूट्रल, मग सात रस्त्याच्या चौकात थांबलं तरी क्लच धरून बसायला नको. 1961 पासून म्हैसूरला बनू लागलेल्या जावात (हीच पुढं येझदी झाली) गिअर दाबताना क्लच पायाच्याच जोरानं सुटे. दुखऱ्या हातांना ही गाडी फार मानवली.

बुलेटवाल्यांना गॅरेज गाठावं लागलं. पहिला उपाय साधाच. क्लच वायर सोडायची, तिच्या तोंडाला कणकेचा द्रोण करायचा, त्यात तेल ओतून रात्रभर टांगायची. सकाळी खालच्या टोकाला काळं तेल ठिबकलेलं दिसतं. त्यानं भागलं नाही तर गिअरबॉक्सकडचा लिव्हर थोडा लांब करायचा. ओढ हलकी होते, पण क्लचच्या प्लेटा कमी सुटतात, म्हणून बेतानंच. स्प्रिंगा सैल करणं चूकच, चढाला क्लच घसरतो.

खरा घोळ ‘मूळ स्वरूप’ या शब्दांनी घातला. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज, म्हणजे जुन्या जतन केलेल्या गाड्यांच्या खास नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते. शुल्क 20,000 रुपये. तेव्हापासून लोक मिस्त्र्याला नटसुद्धा बदलू देईनात. नियमात मात्र नावं आहेत चेसिस (सांगाडा), बॉडी शेल (बाहेरचं कवच) आणि इंजिनातल्या बदलांची. क्लचच्या लिव्हरचं, वायरचं नाव नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ (अपंगांची गाडी) हा शब्द गेला आणि शारीरिक अडचण असलेल्या माणसासाठी बदललेल्या वाहनाची वेगळी व्याख्या आली. मूळपणाच्या धास्तीनं गाडी ताडपत्रीखाली ठेवणं, हे तिचं जतन नव्हे.

तरी जाणते मिस्त्री मूळ लिव्हर कापत नाहीत. दुसरा बनवून बसवतात आणि जुना ग्रीस लावून, फडक्यात गुंडाळून गाडीच्याच टूलबॉक्समध्ये ठेवून देतात.