बॅट ‘वरून खाली’ मारायची?

‘कुऱ्हाड चालवल्यासारखी बॅट वरून खाली आण, चेंडू स्वतःभोवती उलटा फिरेल आणि लांब जाईल.’ बेसबॉल-सॉफ्टबॉल शिकणाऱ्या मुलांना हा सल्ला वर्षानुवर्षे मिळतो.

आधी चेंडूची वाट पाहू. बेसबॉलचा पिचर १० इंच उंचवट्यावरून, साधारण डोक्याच्या उंचीवरून फेकतो. चेंडू बॅटरच्या कमरेच्या आसपास पोहोचतो. म्हणजे तो उतरत येतो. सॉफ्टबॉलमध्ये उंचवटा नसतो, हात खालून फिरतो, तरी गुरुत्वाकर्षणामुळे चेंडू शेवटी बहुधा खालीच झुकतो. उतरत्या चेंडूवर बॅटही उतरत आली, तर दोघांच्या वाटा क्षणभरच छेदतात. बॅट किंचित चढत गेली, तर ती चेंडूच्या वाटेत जास्त वेळ राहते आणि टायमिंग थोडं चुकलं तरी फटका बसतो. उलटी फिरकीही चेंडूच्या मध्याच्या जरा खाली बॅट लागल्यानं मिळते. त्यासाठी कुऱ्हाड लागत नाही.

सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. हात खांद्यापाशी असतात, त्यामुळे स्विंगची (बॅट फिरवण्याची) सुरुवात खालच्या दिशेनंच होते आणि ‘खाली मारतोय’ असं खरंच वाटतं. फार खालून बॅट उचलणाऱ्या मुलाला ही सूचना थोडे दिवस उपयोगीही पडते.

पडताळणी सोपी आहे. टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवा, मोबाइल बॅटरसमोर, टीच्या उंचीवर धरा (जाळीमागून, नाहीतर मोबाइल गेलाच) आणि स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. चेंडूला लागण्याआधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन फ्रेममध्ये बॅटचं टोक वर जातंय की खाली, ते दिसेल. मग दोन्ही पद्धतींनी दहा-दहा फटके मारून किती चेंडू जमिनीवर आपटतात ते मोजा.